कोर्स कुठला, हे नंतर. आधी सिरिंजची टोपी बघा

*मॅडम, नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. सहा वर्षं नोकरी झाली, त्यातली चार बालरोग वॉर्डात. पूर्वी आमच्याकडे न्यूमोनिया, जुलाब, डेंगी, फिट्स असेच पेशंट जास्त असायचे. आता शुगरची मुलं वरचेवर येतात. थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेली दोन बाळं आहेत. एका मुलीला रोज स्टिरॉइडच्या गोळ्या लागतात, तिच्या फाइलवर 'सीएएच' (मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा जन्मजात आजार) लिहिलंय. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात या सगळ्याला मिळून चार पानं होती.*

*मागच्या महिन्यात एक नऊ वर्षांचा मुलगा घामाघूम, अर्धवट शुद्धीत आला. शुगर ३४. इन्सुलिनचं पेन मोडलं म्हणून वडिलांनी पेनातल्या कार्ट्रिजमधून साध्या लाल टोपीच्या सिरिंजनं इन्सुलिन काढून दिलं होतं. युनिट नेहमीइतकेच. मग असं का झालं? सिरिंज आणि कार्ट्रिज दोन्ही हातात घेऊन वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलगा वाचला. पण आमच्यापैकी कुणीच त्या वडिलांना हे आधी सांगितलं नव्हतं, ते मनातून जात नाही.*

*मला या विषयाचं रीतसर शिक्षण घ्यायचंय. एक खासगी संस्था शनिवार-रविवारी ऑनलाइन शिकवून 'डायबेटीस एज्युकेटर'चं प्रमाणपत्र देते, फी १८ हजार. करू का? कौन्सिलकडे ते धरतात का? इन्चार्ज सिस्टर म्हणतात, "डॉक्टर आहेत ना बघायला, तू कशाला डोकं घालतेस? आणि शिकलीस तरी बदलीत ऑर्थोला जाशील." तेही खोटं नाही. काय करावं?*

*— एक परिचारिका*

सिस्टर, ते १८ हजार इतक्यात भरू नका. कोर्स करूच नका असं माझं म्हणणं नाही. भरण्याआधी त्या संस्थेला काही विचारून घ्या, काय ते खाली सांगते. पण त्याआधी लाल टोपीचं बोलू, कारण हे सदर अशा मुलांचे आईवडीलही वाचतात.

आपल्याकडे बाटलीत मिळणारं नेहमीचं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीला ४० युनिट या ताकदीचं असतं. पेनाच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. लाल टोपीच्या सिरिंजवरच्या रेघा ४०च्या हिशेबानं आखलेल्या असतात, केशरी टोपीच्या १००च्या. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये कार्ट्रिजमधलं इन्सुलिन भरलं की प्रत्येक रेघ अडीचपट होते. आठ युनिट दिले असं वडिलांना वाटतं, मुलाच्या अंगात जातात वीस. उलटी चूकही होते आणि ती लवकर सापडत नाही. ४०चं इन्सुलिन केशरी टोपीच्या सिरिंजनं दिलं की आठाच्या जागी तीन-सव्वातीन युनिट जातात, शुगर चढलेलीच राहते आणि घरदार त्या पोराला म्हणतं, तू चोरून गोड खातोस. त्यात १०० ताकदीच्या बाटल्याही बाजारात आहेत, म्हणजे 'बाटली असली की लाल टोपी' असाही नियम करता येत नाही. लेबलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून बघायचा. मेडिकलवाल्यानं बदलून दिलं तर घरी नेण्याआधी दुकानातच बघायचा.

तुम्ही सिरिंज आणि कार्ट्रिज शेजारी धरून वाचलंत. ड्युटीवर आलेला पेशंट स्थिर झाला की पुढच्या बेडकडे वळायची सवय आपल्या सगळ्यांना असते. तुम्ही वळला नाहीत, कारण शोधलंत. या विषयात जिला पुढे जायचंय तिच्याकडे हे हवंच. त्या वडिलांबद्दल मनाला लावून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, लावून घ्याच. कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

न्यूमोनियाच्या मुलाला इंजेक्शनं आपण देतो, मूल बरं होतं, घरी जातं. हार्मोनच्या आजारात तसं नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला दिवसातून चार वेळा इन्सुलिन कोण देतं? आई. थायरॉइडची गोळी कुटून चमच्यानं कोण पाजतं? आजी. ताप आला की स्टिरॉइडचा डोस वाढवायचा, हे रात्री दोन वाजता कुणाला आठवायला हवं? शेतावरून दमून आलेल्या बापाला. आपल्या ताब्यात ते मूल काही दिवस असतं आणि त्यांच्या ताब्यात वर्षानुवर्षं. म्हणून या वॉर्डातल्या सिस्टरचं खरं काम शिकवण्याचं आहे, आणि शिकवलेलं समोरच्याच्या हातात उतरलं की नाही हे तपासण्याचं. कुठलंही प्रशिक्षण मी याच फुटपट्टीनं मोजते: मी शिकवत असताना मला कुणी बघणार आहे का, आणि चुकलं तर टोकणार आहे का?

त्या संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा. दुसरा: यात मुलांचं किती? 'एज्युकेटर'चे पुष्कळ कोर्स मोठ्या माणसांच्या टाइप २ मधुमेहाभोवती असतात, म्हणजे वजन, गोळ्या, पायांची काळजी. ते उपयोगाचं असतं, पण सात वर्षांच्या पोराची शाळा, डबा, मैदान, वाढत्या वयाबरोबर बदलणारे डोस आणि डीकेए (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठणं), यांतलं काही त्यात नसेल तर तुमच्या वॉर्डाला त्याचा फायदा किती? तिसरा प्रश्न कौन्सिलचा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी होतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीतल्या चालू शिक्षणाचे, गुण लागतात, ते तुम्हाला माहीत आहेच. या कोर्सला गुण आहेत का, किती, आणि मान्यतेचं पत्र कुठं आहे, हे लेखी मागा. फोनवर "हो हो, चालतं मॅडम" म्हणाले तर ते धरू नका.

आता दुसरे रस्ते. मुलांच्या हार्मोनच्या डॉक्टरांची भारतातली संघटना आयएसपीएई या नावानं ओळखली जाते. टाइप १ मधुमेहाच्या एज्युकेटरांसाठी तिनं 'आयडियल' नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलेलं आहे, आणि ते मुलांच्या टाइप १ साठीच बेतलेलं आहे. नवीन तुकडी कधी, फी किती, हे ज्यांच्याकडे तुम्ही मुलं पाठवता त्या तज्ज्ञांना विचारा. युरोपातल्या याच विषयाच्या संघटनेचं, ईएसपीईचं, ई-लर्निंगचं संकेतस्थळ फुकट आहे. साधनं कमी असलेल्या ठिकाणांसाठी त्यात वेगळा भाग आहे. इंग्रजीची धास्ती असेल तर एक एक केस घेऊन दोघी-तिघींनी मिळून वाचा. औषधांची आणि तपासण्यांची नावं तुम्हाला येतातच, मधली क्रियापदं काही अवघड नाहीत. मुलांच्या मधुमेहावर १९७४ पासून काम करणारी इस्पॅड ही आंतरराष्ट्रीय संस्था आपली मार्गदर्शक तत्त्वं कुणालाही मोफत वाचायला देते. त्यातली डीकेए, आजारपणातले दिवस आणि मधुमेह-शिक्षण ही तीन प्रकरणं आधी काढा, बाकीची सवडीनं.

ब्रिटनमध्ये मुलांच्या हार्मोनची स्पेशालिस्ट नर्स हे वेगळं पदच असतं. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं या नर्सला काय काय करता आलं पाहिजे याची टप्प्याटप्प्यानं यादी केलेली आहे. अमेरिकेत या नर्सेसची स्वतःची संघटना आहे. आपल्याकडे असं पद कधी निघेल ते निघो. ती यादी मिळवून स्वतःसमोर ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. येतं तिथं खूण करायची, येत नाही तिथं तारीख घालायची.

या सगळ्याच्या वर मी एक गोष्ट ठेवते: चालत्या ओपीडीत आठ-पंधरा दिवस उभं राहणं. मुंबईत परळचं वाडिया, पुण्यात जहांगीर, इथं मुलांच्या हार्मोनचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. आपण जे वाढीचे तक्ते वापरतो, ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांचे, २०१५ साली भारतीय बालरोग संघटनेनं स्वीकारलेले, त्यामागेही पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचं काम आहे. रुग्णालयाच्या पत्रावर 'निरीक्षणासाठी' म्हणून विनंती करा. गेलात की डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभ्या राहू नका, जिथं आयांना इंजेक्शन शिकवतात त्या टेबलापाशी थांबा.

तोवर वॉर्डात काय शिकायचं? जे तासांत जीव घेतं ते आधी.

डीकेएचं मूल पुष्कळदा मधुमेहाचं म्हणून येतच नाही. धाप लागलीय म्हणून न्यूमोनियाच्या बेडवर जातं, पोट दुखतंय आणि उलट्या होतायत म्हणून सर्जनकडे जातं. मूल सुकलेलं आहे आणि तरी लघवी भरपूर होतेय, हे दोन्ही एकत्र दिसलं की कुणाच्या सांगण्याची वाट न बघता बोटाला टोचून शुगर बघा. 'इतका मोठा झाला आणि परत गादी ओली करायला लागला' असं आई सहज बोलून जाते, ते वाक्य कानावर घ्या. उपचार सुरू झाले की खरी जोखीम मेंदूला सूज येण्याची, आणि ती सगळ्यात आधी दिसते ती बेडपाशी बसलेल्या नर्सला. मूल चिडचिड करतंय, डोकं दुखतंय म्हणतंय, नाडी हळू व्हायला लागलीय, तर 'आता झोप लागली बिचाऱ्याला' म्हणून पांघरूण घालून पुढे जायचं नाही. उठवायचं, बोलतं करायचं, डॉक्टरांना बोलवायचं. ती सूज उतरवणारं मॅनिटॉल किंवा तीन टक्के सलाइन हाताशी आहे का, हे ड्युटी घेतानाच बघायचं. इन्सुलिनचं ड्रिप सलाइन सुरू होऊन निदान एक तास गेल्यावर लावतात, एकदम शिरेतून डोस मारत नाहीत. आणि आपल्या हातातली एक गोष्ट: इन्सुलिन प्लास्टिकच्या नळीला चिकटतं. नवी नळी लावली की त्याच द्रावणानं ती धुवून, पहिलं थोडं सोडून देऊन मग जोडायची. नाहीतर कागदावर डोस चालू असतो आणि मुलापर्यंत कमी पोचतो.

शुगर कमी होण्याचं तुम्ही पाहिलंच आहे. ७०च्या खाली आली आणि मूल शुद्धीवर असेल तर ग्लुकोज, मोठ्या मुलाला १५ ग्रॅम म्हणजे साधारण तीन छोटे चमचे, लहानग्याला वजनाच्या हिशेबानं कमी, आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. बिस्कीट, चपाती त्यानंतर. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखर हिरड्यांना चोळायचा नाद तर अजिबात नको. वॉर्डात शिरेतून दहा टक्के डेक्स्ट्रोज. शुगर चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन लहान गावांत सहसा मिळत नाही, म्हणून घरच्यांना 'कुशीवर वळवा आणि गाडी काढा' हेच ठासून शिकवावं लागतं.

आता तुमच्या सीएएचच्या मुलीकडे येते, कारण तिची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. तिच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल पुरेसं बनवू शकत नाहीत. ते बाहेरून हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीनं द्यावं लागतं, आणि अनेक मुलांना मीठ धरून ठेवण्यासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोनही. ताप, जुलाब, हाड मोडणं, ऑपरेशन, अशा वेळी निरोगी माणसाचं शरीर कॉर्टिसॉल आपोआप वाढवतं. तिचं वाढवत नाही. म्हणून आजारपणात गोळीचा डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो, जसा तिच्या डॉक्टरांनी लिहून दिला असेल तसा. गोळी दिल्यावर लगेच उलटली तर परत द्यायची, परत उलटली तर इंजेक्शनसाठी रुग्णालय गाठायचं. आपल्याकडे नेमकं याच्या उलट घडतं. "ताप आहे, पोट रिकामं आहे, गरम औषधं नकोत" म्हणून घरचे स्टिरॉइड बंद करतात. शेजारी कुणीतरी 'स्टिरॉइड वाईट' असं सांगितलेलं असतंच. मुलगी ओकत, गार पडलेली, मलूल होऊन येते आणि जुलाबाची केस म्हणून फक्त सलाइनवर पडून राहते.

तिला लागणारं हायड्रोकॉर्टिसोन तुमच्याच इमर्जन्सी ट्रॉलीत आहे, दम्याच्या पेशंटसाठी ठेवलेली १०० मिलिग्रॅमची कुपी. औषध नाही म्हणून अशी मुलं जातात असं नाही, सुचलं नाही म्हणून जातात. वयाप्रमाणे २५, ५० किंवा १०० मिलिग्रॅम, शिरेतून किंवा शीर सापडत नसेल तर स्नायूत, हा ढोबळ हिशेब जगभर चालतो. पण तो तुम्ही मनानं द्यायचा नाही. तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून लेखी स्थायी आदेश घ्या: या निदानाचं मूल उलट्या करत किंवा मलूल आलं तर अमुक डोस लगेच, शुगर तपासणं लगेच, डेक्स्ट्रोज-सलाइन लगेच, आणि मग फोन. सहीचा तो कागद ट्रॉलीच्या झाकणाच्या आतून चिकटवा. मुलीच्या फाइलवर लाल पेनानं मोठ्या अक्षरांत लिहा. आईच्या पिशवीतही मराठीत लिहिलेलं एक कार्ड असू द्या, म्हणजे ती दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेली तरी समोरच्याला कळेल.

याच आजाराची काही बाळं जन्मतःच अशी असतात की मुलगा की मुलगी हे बघून सांगता येत नाही. त्या लेबर रूममध्ये तुम्ही असाल तर फक्त 'बाळ' म्हणा. "मुलगा दिसतोय बहुतेक" हे एक वाक्य सिस्टरच्या तोंडून गेलं की बाहेर पेढे वाटले जातात, आणि आठ दिवसांनी रिपोर्ट वेगळा आला तर त्या आईला गावात तोंड दाखवणं मुश्कील होतं. स्टाफला बघायला बोलवायचं नाही, मोबाइलवर फोटो तर नाहीच नाही. आणि अशा बाळाचं दुसऱ्या आठवड्यात वजन घटायला लागलं, ते ओकायला लागलं, तर सोडियम-पोटॅशियम त्याच दिवशी.

थायरॉइडच्या बाळांचं काम शांतपणे चालतं, म्हणून त्यात हयगय होते. जन्मजात थायरॉइड कमी असलेलं बाळ पहिले दिवस चांगलं दिसतं. शहाणं बाळ, रडत नाही, झोपून असतं, म्हणून आजी कौतुक करते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर मेंदूचं नुकसान टळतं, उशीर झाला तर ते भरून निघत नाही. २०१३ साली पालघरपासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. तुमच्या जिल्ह्यात डीईआयसी (मुलांच्या आजारांवर लवकर उपचार करणारं जिल्हा केंद्र) असेल तर तिथल्या लोकांशी ओळख करून ठेवा. थायरॉइड तपासायला बाळाच्या टाचेतून रक्त घेणार असाल तर ४८ तासांनंतर, टाचेच्या कडेला टोचून. कागदावर एका वर्तुळात एकच थेंब, वरून दुसरा नाही, आणि कार्ड आडवं ठेवून सावलीत वाळवायचं. आई लवकर घरी जाणार असेल तर नाळेतल्या रक्तावर टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करण्याचीही पद्धत आहे. तुमच्याकडे काय चालतं ते विचारून घ्या. गोळी रोज ठरल्या वेळी, चमच्यात कुटून, पाण्याच्या किंवा आईच्या दुधाच्या चार थेंबांत. दुधाच्या बाटलीत टाकली आणि बाळानं अर्धी बाटली सोडली, तर डोस किती गेला हे कुणालाच कळणार नाही. लोहाचं किंवा कॅल्शियमचं औषध त्याच वेळी नको.

वाढीच्या हार्मोनचं, लवकर वयात येण्याचं, वारंवार लघवीच्या त्या दुसऱ्या 'डायबेटीस'चं तुमच्याकडे सध्या कुणी नाही. येतील तेव्हा शिकाल. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट उद्यापासून करता येईल: उंची नीट मोजणं. वॉर्डाच्या भिंतीवर टेप चिकटवलेली असते, खाली फरशीची पट्टी भिंतीपासून अर्धा इंच पुढे आलेली असते, मूल चपला घालून त्या पट्टीला टाचा लावून उभं असतं, मुलीच्या डोक्यावर घट्ट अंबाडा, आणि आपण वरून वही आडवी धरून 'एकशे अठरा' असं ओरडतो. त्या ११८ला काही अर्थ नाही. चपला-मोजे काढा, केस सोडा, टाचा-कुल्हे-पाठ टेकवा, नजर सरळ समोर. एकीनं खाली पाय आणि गुडघे धरायचे, दुसरीनं वर मोजायचं. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. सहा महिन्यांत अडीच-तीन सेंटिमीटर वाढायचं तिथं तुमची एक सेंटिमीटरची चूक झाली, तर वाढ खुंटलेलं मूल ठीक ठरतं, किंवा धडधाकट मुलाला विनाकारण पुण्याला पिटाळलं जातं. दर वेळी तीनदा मोजा आणि मिलिमीटरपर्यंत लिहा.

हार्मोनच्या काही तपासण्यांत ठरावीक वेळानं चार-पाचदा रक्त घेतात. तिथं ट्यूबवर ठरलेली वेळ लिहायची नाही, सुई गेली ती खरी वेळ लिहायची. ३० मिनिटांचा नमुना ३८ला घेतला तर ३८ लिहा, कुणी रागावणार नाही. एसीटीएचचा (ग्रंथींना कॉर्टिसॉल बनवायला लावणाऱ्या हार्मोनचा) नमुना जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये, बर्फात, लगेच लॅबला. वाढीच्या हार्मोनच्या तपासणीसाठी क्लोनिडिन दिलेलं मूल झोपाळतं आणि बीपी उतरतं, त्याला एकट्याला बाथरूमला सोडू नका.

आता शिकवण्याकडे परत. आई मान हलवते, "हो हो, कळलं" म्हणते, आणि आपण फाइलवर 'शिक्षण दिले' असं लिहून सही करतो. त्याऐवजी तिच्या हातात सिरिंज आणि सलाइनची बाटली द्या आणि गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यात कठीण जातं, हात शिवशिवतो. ती बाटली खळखळून हलवेल, बुडबुडा तसाच राहील, सुई लगेच काढेल. पूर्ण करू द्या, मग सांगा: दुधासारखं गढूळ दिसणारं इन्सुलिन तळहातांत घोळवायचं, भरलेली सिरिंज सुई वर करून डोळ्यासमोर धरून बघायची, दहा आकडे मोजून सुई काढायची. मग परत तिलाच करायला लावा. जुन्या मुलांच्या दंडावर, मांडीवर, पोटावर दर भेटीला बोटं फिरवा. एकाच जागी टोचून टोचून तिथं मऊ गाठ होते, तिथं दुखत नाही म्हणून मूल स्वतःच ती जागा पुढे करतं, आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. रिपोर्टात न दिसणारं कारण बोटांना सापडतं.

घरात फ्रिज आहे का, हे विचारण्याआधी 'नाही' हे उत्तर गृहीत धरून बोला, म्हणजे त्यांना लाजायला होत नाही. ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं आणि त्यात झाकणाच्या डबीतली बाटली, हे मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही कामाला येतं. फ्रिज असला तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका हे सांगा, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. आणि जडीबुटीचं. कुणीतरी बाबा 'इन्सुलिन सोडवून देतो' म्हणणार, हे धरून चाला. "त्याचा काढा हवा तर द्या पण..." असली सूटही देऊ नका, आणि रागावूही नका, रागावलं की ते परत येत नाहीत. टाइप १ मध्ये इन्सुलिन शरीरात बनतच नाही, ते बंद केलं की काही दिवसांत मूल डीकेएत जातं, एवढंच स्पष्ट आणि प्रत्येक भेटीला सांगा. मुलगी असेल तर आईच्या मनात लग्नाचा प्रश्न असतो आणि ती तो डॉक्टरांना विचारत नाही. तुम्हाला विचारेल.

इन्चार्ज सिस्टरांशी वाद घालू नका. त्यांच्याकडे वीस बेड आणि दोन सिस्टर असतात. त्यांना 'मला शिकायचंय' असं सांगण्यापेक्षा त्या नऊ वर्षांच्या मुलाची केस सांगा, आणि घरी सोडताना भरायचा एक पानी तक्ता करून दाखवा: इन्सुलिनची ताकद, सिरिंजची टोपी, कुणी करून दाखवलं, कुणाच्या हातून करून घेतलं. काम वाढवणारा कागद नको, फोन कमी करणारा हवा.

बदलीचं मात्र त्या खरं बोलल्या. शिकवून तयार केलेली सिस्टर सहा महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात, ही सगळीकडची रड आहे. म्हणून एकटीनं शिकू नका. वॉर्डातली अजून एक सिस्टर बरोबर घ्या, आणि स्थायी आदेश, तक्ता, मुलांची यादी अशी एक फाइल करा, जी वॉर्डात राहील. आणि ऑर्थोला गेलात तर तिथंही टाइप १चं पोर हात मोडून येणार आहे, उपाशी ठेवलं म्हणून त्याचं इन्सुलिन कुणीतरी पूर्ण बंद करणार आहे. तुमची ती सीएएचची मुलगीही झाडावरून पडू शकते. भूल देण्याआधी तिला हायड्रोकॉर्टिसोन दिलं का, हे विचारणारी सिस्टर तिथं लागेलच.

अर्ज मेट्रनमार्फत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करा. मागणी एकच ठेवा: दोन परिचारिकांना पंधरा दिवस निरीक्षण-प्रशिक्षणासाठी कर्तव्यावर समजून सोडावे. बालरोगतज्ज्ञांची शिफारस जोडा, वॉर्डातल्या अशा मुलांची संख्या नावं न घालता लिहा, आणि आवकचा शिक्का मारलेली एक प्रत स्वतःजवळ ठेवा.